‘नॉर्मल’ क्रिएटिनिनच्या आड दडलेला वृक्कविकार

मधुमेही रुग्णांच्या वृक्क-तपासण्यांचे अहवाल : वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

मधुमेहाचा रुग्ण ही आपल्या चिकित्सालयात आज अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाजानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. साधारणतः दर तिघा-चौघा मधुमेहींपैकी एकाच्या वृक्कांवर पुढेमागे या व्याधीचा परिणाम होतो. याचाच अर्थ असा की, आपल्याकडे नियमित येणाऱ्या मधुमेहींमध्ये वृक्कविकाराचे रुग्ण आजही आहेत. मात्र ते कोण, हे त्यांनाही ठाऊक नाही आणि बहुधा आपल्यालाही नाही. पायावर सूज दिसेपर्यंत, मळमळ सुरू होईपर्यंत वृक्क बोलत नाहीत. बोलतो तो केवळ प्रयोगशाळेचा अहवाल. आणि तोही वाचता आला तरच. प्रस्तुत लेखाचा विषय हा अहवाल आहे. त्याचे निमित्त मात्र आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

एका रुग्णेची हकिगत

काही वर्षांपूर्वी ६१ वर्षांच्या एक गृहिणी आमच्याकडे येऊ लागल्या. मधुमेह चौदा वर्षांचा, रक्तदाब वाढलेला, गुडघे दुखत. ग्लिबेनक्लामाइड व मेटफॉर्मिनच्या गोळ्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चालू होत्या. आमच्याकडून त्यांना संधिवातासाठी गुग्गुळकल्प आणि प्रमेहासाठी काढा दिला जाई. पहिल्याच भेटीत त्यांनी रक्ताचा अहवाल दाखविला. सीरम क्रिएटिनिन १.१ होते. शेजारी छापलेली मर्यादा ०.६ ते १.२ अशी होती. आम्ही अहवालावर ‘नॉर्मल’ असे लिहिले आणि तो परत दिला. मूत्रातील अल्ब्युमिन तपासावे, असे आम्हास त्या दिवशी सुचले नाही, आणि पुढील तीन वर्षांतही सुचले नाही. दर महिन्याला साखर पाहिली जाई, एवढेच.

तिसऱ्या वर्षी साखर उतरू लागली. उपाशीपोटी १७० असणारी साखर ११० वर, पुढे ९० वर आली. “डॉक्टर, तुमच्या काढ्याने साखर अगदी आटोक्यात आली बघा,” असे त्या मोठ्या समाधानाने सांगत. आम्हासही आनंद वाटला. हे प्रकरण आम्ही दोन-चार वैद्यमित्रांना अभिमानाने सांगितलेही. त्यानंतर एके दिवशी पहाटे त्या घामाने चिंब होऊन बेशुद्ध पडल्या. मुलाने ग्लुकोमीटरवर पाहिले तेव्हा साखर ४२ होती. रुग्णालयात केलेल्या तपासणीत क्रिएटिनिन १.९, मूत्रात प्रथिने तीन अधिक, आणि वृक्कांची गाळण्याची क्षमता अवघी २९ उरलेली आढळली. साखर काढ्याने उतरली नव्हती, वृक्क मंदावल्यामुळे उतरली होती. इन्शुलिनचा आणि ग्लिबेनक्लामाइडसारख्या औषधाचा निचरा वृक्कांमधून होतो. तो निचरा कमी झाला म्हणजे तेच औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते आणि तीच मात्रा अतिमात्रा ठरते. आम्ही ज्याला उपशय समजत होतो, तो वस्तुतः उपद्रव होता.

अन्य वैद्यबंधू-भगिनींकडून असे घडू नये, म्हणून ही हकिगत सांगणे आम्हास कर्तव्य वाटते.

संहितांतील वृक्कविचार

प्रमेहाच्या संप्राप्तीत मेद व क्लेद यांचे स्थान आपण सर्व जाणतो. वीस प्रमेहांपैकी कफज दहा, पित्तज सहा आणि वातज चार. वातजांत मधुमेह येतो आणि तो असाध्य मानला आहे. बस्तीची गणना चरकाचार्यांनी शिर व हृदय यांच्या बरोबरीने तीन प्रधान मर्मांमध्ये केली आहे. परंतु या संदर्भात एक गोष्ट विशेष चिंतनीय वाटते. मूत्रवह स्रोतसांचे मूळ म्हणून बस्ती व वंक्षण यांचा निर्देश आहे. वृक्कांचा निर्देश मात्र मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हणून आहे. सुश्रुताचार्यांनीही मेदोवह स्रोतसांच्या मुळात वृक्क सांगितले आहेत आणि वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून मानली आहे. ज्या व्याधीत मेद हे प्रमुख दूष्य, त्याच व्याधीत मेदोवह स्रोतसांचे मूळ कालांतराने विकृत होते, हे आज आपण प्रत्यक्ष पाहत आहोत.

यावरून प्राचीनांना वृक्कांचे आधुनिक कार्य जसेच्या तसे ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. मधुमेहात वायू ओजाला बस्तीकडे नेतो, या वर्णनाचा मूत्रातील अल्ब्युमिनशी थेट मेळ घालण्याचा मोहही टाळावा, असे आमचे मत आहे. अशी समीकरणे सभेत टाळ्या मिळवितात. रुग्णाच्या मूत्रातील अल्ब्युमिन मात्र त्यांनी मोजले जात नाही. शास्त्राने आपल्याला सावध केले आहे, एवढा बोध पुरेसा आहे. मोजण्याचे काम आज प्रयोगशाळा करते आणि ते करवून घेणे हे आपले काम आहे.

विकृती कशी वाढते

प्रत्येक वृक्कात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही वृक्क मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत शोषून दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. मधुमेहात प्रारंभी या गाळण्यांवरील दाब वाढतो आणि त्या गरजेपेक्षा अधिक गाळू लागतात. म्हणूनच आरंभीच्या वर्षांत क्रिएटिनिन उत्तम दिसते. पुढे गाळणीची भित्ती जाड व सच्छिद्र होऊन अल्ब्युमिन झिरपू लागते, त्यानंतर प्रथिने मोठ्या प्रमाणावर जातात आणि अखेरीस गाळण्या एकेक करून बुजतात. मधुमेही वृक्कातील या ग्रंथिल विकृतीचे वर्णन किमेलस्टील व विल्सन यांनी १९३६ साली केले. हा प्रवास सामान्यतः अनेक वर्षांचा असतो. त्याला थोपविण्याची खरी संधी आरंभीच्या वर्षांत असते, आणि नेमक्या त्याच वर्षांत रुग्णाला काहीही जाणवत नाही.

अहवाल कसा वाचावा

१) सीरम क्रिएटिनिन : क्रिएटिनिन हे स्नायूंमधून तयार होते. त्यामुळे कृश, वृद्ध वा स्त्री रुग्णामध्ये ते मुळातच कमी असते. त्यातही वृक्कांची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिन छापील मर्यादेच्या आत राहू शकते. तेव्हा शेजारी छापलेल्या मर्यादेवर विसंबून ‘नॉर्मल’ म्हणणे धोक्याचे आहे.

२) ई-जीएफआर : क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून काढलेली वृक्कांची अंदाजित गालनक्षमता म्हणजे ई-जीएफआर. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने हिशेब केला तर ३० वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन १.१ असता ही क्षमता सुमारे ९३ येते. ६१ वर्षांच्या स्त्रीमध्ये तेच १.१ असता ती सुमारे ५७ येते. आकडा एकच, एक निरोगी, तर दुसरी वृक्कविकाराच्या तिसऱ्या पायरीवर. आमच्या रुग्णेच्या पहिल्याच अहवालात हे लिहिलेले होते, फक्त आम्ही ते वाचले नाही. अनेक प्रयोगशाळा आता हा आकडा स्वतःच छापतात. छापला नसल्यास मागून घ्यावा.

पायऱ्या पुढीलप्रमाणे आहेत : ९० व त्याहून अधिक ही पहिली, ६० ते ८९ दुसरी, ४५ ते ५९ तिसरीचा पूर्वार्ध, ३० ते ४४ तिसरीचा उत्तरार्ध, १५ ते २९ चौथी आणि १५ पेक्षा कमी ही पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांना केवळ आकड्यावरून विकार म्हणत नाहीत. त्यासाठी मूत्रात अल्ब्युमिन वा अन्य विकृती असावी लागते. तसेच ही विकृती तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असेल, तरच विकार जीर्ण मानावा.

३) मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण : मधुमेहींसाठी ही सर्वांत मोलाची, आणि आपल्याकडून सर्वाधिक दुर्लक्षिली जाणारी तपासणी आहे. सकाळच्या पहिल्या मूत्राचा नमुना उत्तम. हे प्रमाण ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा कमी असणे स्वाभाविक, ३० ते ३०० ही वाढ मध्यम आणि ३०० च्या वर ती गंभीर समजावी. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत ‘प्रथिने नाहीत’ असे आले म्हणजे निश्चिंत होऊ नये, कारण मध्यम वाढ पट्टीला बहुधा दिसतच नाही.

४) ब्लड युरिया : शरीरात पाणी कमी पडले, आहारात प्रथिने फार झाली वा आतड्यात रक्तस्राव झाला तरी युरिया वाढते. म्हणून एकट्या युरियावरून निर्णय करू नये. काही प्रयोगशाळा युरिया देतात, तर काही केवळ युरियातील नायट्रोजन, म्हणजे बीयूएन देतात. बीयूएनला २.१४ ने गुणले म्हणजे युरिया मिळते. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून “युरिया निम्मी झाली” असा आनंद मानणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत.

५) पोटॅशियम : हा आकडा ५.५ च्या वर जाऊ लागला की सावध व्हावे. ६ च्या वर गेल्यास तो हृदयाच्या दृष्टीने तातडीचा प्रसंग समजून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आपल्या काही कल्पांचा याच्याशी जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

मधुमेहाचा दुसरा प्रकार असल्यास निदान झाल्याच्या दिवसापासून, आणि पहिला प्रकार असल्यास निदानानंतर पाच वर्षांनी, ई-जीएफआर व मूत्रातील अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या वर्षातून किमान एकदा व्हाव्यात. एक करून दुसरी सोडल्यास अर्धे चित्र अंधारात राहते.

घाबरविणारा आकडा तपासून घ्यावा

जसा ‘नॉर्मल’ आकडा फसवू शकतो, तसा वाईट आकडाही. ज्वर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचा जोरकस व्यायाम, अतिशय वाढलेली साखर अथवा अनियंत्रित रक्तदाब यांमुळे मूत्रातील अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ आढळल्यासच ती खरी मानावी. उलट्या-जुलाबांनंतर क्रिएटिनिन वाढते. मांसाहारी जेवणानंतर व ट्रायमेथोप्रिमसारख्या औषधानेही थोडे वाढते. व्यायामशाळेत जाणारा तरुण क्रिएटिनची भुकटी घेत असेल, तर तेही विचारावे. रक्त काढताना रक्तकण फुटले तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. लोसार्टन वा रॅमिप्रिलच्या वर्गातील रक्तदाबाची औषधे सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल, तर ती अपेक्षित आहे. या औषधांनी मधुमेही वृक्कांचा ऱ्हास मंदावतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या लोसार्टन व इर्बेसार्टनवरील दोन मोठ्या अभ्यासांनी दाखविले. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधांचा वृक्करक्षक गुणही २०१९ नंतरच्या मोठ्या अभ्यासांत सिद्ध झाला आहे. त्यांच्या आरंभीही ई-जीएफआर किंचित उतरते. अशा वेळी “या गोळ्यांनीच किडनी बिघडली, त्या बंद करा” असा सल्ला आपल्याकडून गेला, तर रुग्णाच्या वृक्कांचे संरक्षण आपणच काढून घेतले, असे होईल. ज्याने औषध सुरू केले त्याच्याशी बोलल्याविना ते थांबवू नये.

साखर आपोआप उतरू लागली तर

जुन्या मधुमेहीची साखर आहार, विहार वा औषध न बदलता उतरू लागली, इन्शुलिनची गरज कमी झाली, पहाटे घाम व थरकाप होऊ लागला, तर प्रथम क्रिएटिनिन तपासावे. आपल्या औषधाचे श्रेय नंतर घ्यावे. विकार वाढल्यावर रक्ताल्पता येते, आणि तीमुळे व तिच्या उपचारांमुळे एचबीए१सी हा आकडाही वास्तवापेक्षा कमी दिसू शकतो, हेही ध्यानी ठेवावे. मेटफॉर्मिन ई-जीएफआर ४५ च्या खाली गेल्यास मात्रेचा फेरविचार करून द्यावे लागते आणि ३० च्या खाली ते वर्ज्य आहे. आमच्या रुग्णेस त्या पहाटेपर्यंत दोन्ही गोळ्या पूर्ण मात्रेत चालू होत्या.

आपली औषधे आणि दुर्बल वृक्क

येथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ‘आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी’ ही लोकांची समजूत आपल्या व्यवसायास सोयीची असली, तरी ती शास्त्राची नव्हे. युक्तीने वापरलेले विषही औषध होते आणि दुर्युक्त औषधही विष होते, ही आपलीच शिकवण आहे.

यवक्षारात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. श्वेतपर्पटीत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असतो. मूत्रल म्हणून आपण हे कल्प सहज देतो. ई-जीएफआर कमी असलेल्या आणि त्यातच लोसार्टन घेणाऱ्या रुग्णात पोटॅशियम वाढविण्यास हे कारण होऊ शकते. पुनर्नवेतही पोटॅशियम असतेच. सैंधव, काळे मीठ व लवणयुक्त चूर्णे ही सोडियमच आहेत. “साधे मीठ बंद, सैंधव चालू” या सल्ल्याने रक्तदाब उतरत नाही. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे. त्यात सर्व मिठे आली. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. ते या रुग्णांनी टाळलेलेच बरे. आसवारिष्टांतील गूळ-साखर व मद्यांश यांचाही विचार व्हावा.

रसकल्पांबाबत अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्यावर आपल्याकडे रोष व्यक्त झाला. आत्मपरीक्षण तेवढे झाले नाही. २०२२ साली वेल्लोर येथील तज्ज्ञांनी वृक्कगालिनीच्या एका विशिष्ट विकाराचा संबंध पारायुक्त पारंपरिक औषधांशी असल्याचे दाखविले. अशा रुग्णांच्या मूत्रातून प्रथिने मोठ्या प्रमाणावर जात होती, आणि ती औषधे थांबविल्यावर बहुतेकांना उतार पडला. शोधन-मारण यथाविधी झालेले नसेल, कल्पाचे मूळ ज्ञात नसेल, घटकांची चिठ्ठी नसेल, तर ते औषध मधुमेही वृक्करुग्णास देऊ नये. ई-जीएफआर ६० च्या खाली असताना आम्ही स्वतः रसकल्प देत नाही. हा आमचा नियम आहे. त्यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

वनस्पतींच्या बाबतीतही गाफील राहून चालणार नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून ॲरिस्टोलोकिया वर्गातील वनस्पती वापरली गेली आणि अनेक स्त्रियांचे वृक्क कायमचे निकामी झाले. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. आपल्याकडील ईश्वरी व कीटमारी याच वर्गातील आहेत. द्रव्याची ओळख हा केवळ परीक्षेतील प्रश्न नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. घरगुती रसांची चौकशीही अवश्य करावी. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिलिंबीचा, म्हणजे बिंबलाचा रस पिऊन वृक्कांना तीव्र इजा झालेले रुग्ण केरळातून २०१३ साली नोंदविले गेले. कमरख तर वृक्करुग्णांना मेंदूवरील परिणामामुळे जीवघेणे ठरू शकते. कोकण-गोव्यात ही दोन्ही फळे परसदारी असतात.

पंचकर्मापूर्वी

कृश व दुर्बल प्रमेहीचे शोधन करू नये, बृंहण करावे, असे चरकाचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आज त्यात एवढीच भर घालावी की, प्रत्येक मधुमेहीस वमन-विरेचनापूर्वी क्रिएटिनिन, ई-जीएफआर व पोटॅशियम पाहावे. क्षमता कमी असलेल्या वृक्कांना एका दिवसाचा अतियोगही तीव्र आघात ठरतो. डापाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या रुग्णास लंघन वा शोधन दिल्यास साखर फारशी न वाढताही कीटोनविषार होण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून आणि एम्पाग्लिफ्लोझिन २०२५ पासून आपल्याकडे अनेक कंपन्यांकडून स्वस्तात मिळू लागल्याने असे रुग्ण आता खेड्यापाड्यांतही आहेत. तेव्हा रुग्णाच्या पिशवीतील सर्व गोळ्या टेबलावर काढून पाहिल्याशिवाय पूर्वकर्म सुरू करू नये.

सिरावेधाबाबत एक सूचना. ज्या रुग्णास पुढे डायालिसिसची गरज पडण्याची शक्यता आहे, त्याच्या हाताच्या शिरा जपून ठेवाव्या लागतात. अशा रुग्णाच्या कोपराजवळ वा पुढच्या हातावर सिरावेध करू नये. जळवा लावण्यापूर्वीही हिमोग्लोबिन अवश्य पाहावे.

औषधविक्रेत्यांस विनंती

रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा जातो, दुकानात मात्र चार वेळा येतो. आमच्या रुग्णेचा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानातून आईसाठी गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी दर आठवड्याला नेत असे. त्या वेदनाशामक गोळ्यांनी वृक्कांच्या ऱ्हासाला हातभार लावला असणार, असे वृक्कतज्ज्ञांचे मत पडले. दुकानदाराचा त्यात दोष काढावा असे नाही. विचारणारे कोणीच नव्हते, आम्हीही नव्हतो.

म्हणून औषधी दुकानांच्या चालकांना नम्र विनंती अशी की, वेदनाशामक मागणाऱ्यास “घरात कोणाला साखर आहे का, ही गोळी त्यांच्यासाठी आहे का?” एवढा एकच प्रश्न विचारावा. चिठ्ठीविना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मधुमेहीस देऊ नयेत. नियमावलीतील ई-१ परिशिष्टात येणारी विषद्रव्ये ज्या कल्पांत आहेत, त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक वा घटक न छापलेली ‘शुगर’ची पुडी दुकानात ठेवूच नये, अशा पुड्यांत आधुनिक गोळ्या वा स्टिरॉइड मिसळलेली असण्याचा संभव असतो. आणि “किडनी साफ करणारे” म्हणून कोणतेही औषध विकू नये. वृक्क ही काही तुंबलेली मोरी नव्हे.

केव्हा पाठवावे

ई-जीएफआर ३० च्या खाली गेले, मूत्रातील अल्ब्युमिन प्रमाण सातत्याने ३०० च्या वर राहिले, ई-जीएफआर वर्षाला पाचहून अधिक अंकांनी उतरू लागले, पोटॅशियम वाढलेलेच राहिले, रक्तदाब तीन-चार औषधांनीही आवरेना, किंवा मूत्रात रक्तकण आढळले, तर रुग्णास वृक्कतज्ज्ञांकडे पाठवावे. मधुमेह अल्पकाळाचा आहे आणि नेत्रपटल निर्दोष आहे, तरीही प्रथिने पुष्कळ जात आहेत, असे असल्यास विकाराचे कारण मधुमेहाहून वेगळे असू शकते. तेथेही विलंब नको. रुग्णास पाठविणे म्हणजे आपला पराभव नव्हे. उलट, पाठविल्यानंतरही आहार, निद्रा, मलशुद्धी, बल व मन यांची काळजी घेण्यास आपणच जवळ असतो. प्रथिने दररोज शरीराच्या दर किलो वजनास ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवणे, मीठ आवरणे, तंबाखू सोडविणे, चालण्याचा नेम लावणे ही कामे तज्ज्ञांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात होत नाहीत; ती आपल्या ओसरीवर होतात.

डायालिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास, आणि तेही बहुधा जन्मभर. ग्रामीण कुटुंबात त्यासाठी एका कर्त्या माणसाची मजुरी बुडते, मग उपचार शासकीय योजनेतून विनामूल्य असले तरीही. हे टाळता किंवा काही वर्षे लांबविता येत असेल, तर त्यासाठी दोन तपासण्यांचा आग्रह धरणे फार नव्हे.

आमच्या चिकित्सालयात आता प्रत्येक मधुमेहीची एक स्वतंत्र पानाची नोंद असते : दिनांक, वय, रक्तदाब, क्रिएटिनिन, ई-जीएफआर, मूत्रातील अल्ब्युमिन प्रमाण, पोटॅशियम आणि चालू असलेली सर्व औषधे, दुकानातून घेतलेल्या गोळ्यांसह. साधी वही पुरते. पहिल्या वर्षी नोंदी पूर्ण झाल्या तेव्हा ज्यांना आम्ही ‘नॉर्मल’ समजत होतो अशांपैकी कित्येक जण त्या वहीत निराळ्या रकान्यात गेले.

त्या गृहिणी आज वृक्कतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत. जुन्या गोळ्या बदलल्या, वेदनाशामके पूर्णतः थांबली, रक्तदाब आवरला. ई-जीएफआर गेली काही वर्षे २४-२५ च्या आसपास टिकून आहे. डायालिसिसची वेळ अद्याप आलेली नाही. दर तीन महिन्यांनी त्या अहवाल घेऊन आमच्याकडेही येतात. त्यांच्या फायलीत सर्वांत तळाशी तो पहिला कागद अजून आहे आणि त्यावर आमच्या अक्षरात ‘नॉर्मल’ लिहिलेले आहे. त्यांनी त्याबद्दल आम्हास कधी एक शब्दही विचारला नाही. एकदा आम्हीच विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, “झालं ते झालं डॉक्टर, आता पुढच्यांना नीट बघा.”

त्यांचे हे सांगणे आम्ही आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहोत. आपल्या टेबलावर येणाऱ्या पुढील मधुमेही रुग्णाचा अहवाल हाती घेताना छापील मर्यादेकडे पाहण्यापूर्वी रुग्णाचे वय पाहावे, ई-जीएफआर पाहावे आणि मूत्राची चिठ्ठी लिहून द्यावी, एवढीच प्रार्थना.